बागेतल्या ओंडक्याच्या फळ्या पाडताना: चेन सॉ मिलसाठी बार आणि चेन कशी निवडावी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-मुरूडपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं. दोन्ही वेळेला आंब्या-फणसाचे कितीतरी जुने, निरोगी बुंधे जळाऊ लाकडाच्या भावात गेले. पाखाडीखालच्या बागेतून अख्खा ओंडका रस्त्याला आणायचा, तिथून टेम्पोने वखारीत न्यायचा, हा खर्चच लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त होत होता. अशा जागी चेन सॉ मिल कामाला येते. चेन सॉच्या बारला, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिला, दोन ठिकाणी घट्ट धरणारी धातूची चौकट असते, ती ओंडक्यावर सरकवत न्यायची आणि जागेवरच फळ्या पाडायच्या. हिला अलास्कन मिल म्हणतात. दोन माणसं ती खांद्यावरून बागेत नेऊ शकतात.

मिलची चौकट घेणं सोपं आहे. गोंधळ होतो तो बार आणि चेन घेताना. नवीन माणूस बहुतेक वेळा परवडेल तितका लांब बार घेतो आणि त्यावर दुकानात असेल ती चेन चढवतो. माझं सांगणं नेमकं उलटं आहे: बार गरजेपुरता घ्या आणि वाचलेल्या पैशांत चेनी जास्त घ्या. का, ते पुढे येईलच.

त्याआधी एक गोष्ट. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक पास लागतो. झाड वाऱ्याने पडलेलं असलं तरी मशीन लावण्याआधी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. फळ्या पाडून झाल्यावर विचारायला गेलात तर हाती काही राहत नाही.

पहिली पायरी: ओंडका मोजा, बार नंतर

ओंडक्याच्या जाड टोकाचा व्यास मोजा. गाठ किंवा फुगवटा असेल तर तो धरून मोजा, कारण चौकट तिथेच अडते. आता हिशेब. बारवर लिहिलेली लांबी सगळी कापायला मिळत नाही. मिलच्या दोन पकडी आणि मशीनकडची बाजू मिळून साधारण ४ ते ६ इंच खाल्ले जातात. म्हणजे २४ इंची बारवर हातात खरी १८ ते २० इंचांची रुंदी राहते.

हे वाचून २४ इंची आंब्यासाठी ३० इंची बार लागेल असं वाटतं. अख्ख्या रुंदीची फळी हवी असेल तर लागेलच. होम-स्टेवाले एका फळीचं जेवणाचं टेबल मागतात, तसं काम असेल तर मोठ्या बारला इलाज नाही. पण घरासाठी दाराच्या फळ्या, चौकटी, वासे, माळ्याच्या पाट्या हव्या असतील तर ओंडका आधी चौरस करून घ्या. गोल ओंडक्यात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू काढायला व्यासाला ०.७ ने गुणायचं. २४ इंची ओंडक्यात १७ इंची चौरस बसतो. त्याच्या चार बाजूंची साल-पाठ काढताना करवतीची वाट कुठेही १७ इंचांपेक्षा रुंद होत नाही, आणि चौरस झाल्यावर पुढची प्रत्येक फळी १७ इंचीच. म्हणजे २४ इंची बार पुरला. याच हिशेबाने तो २६ इंची ओंडक्यापर्यंत जातो. परसातली बहुतेक झाडं यात बसतात.

दुसरी पायरी: मशीन किती सीसीचं आहे

फांद्या तोडताना मशीन दहा-वीस सेकंद पूर्ण ताकदीने चालतं आणि श्वास घेतं. फळी पाडताना ते कित्येक मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटलवर असतं. आपल्याकडे बागायतदारांच्या घरी जी मशीनं दिसतात ती बहुतेक ४५ सीसीच्या आसपासची. त्यावर मिल चढते, पण १२-१४ इंचांपर्यंतचं मऊ लाकूड आणि मधून मधून विश्रांती, एवढीच अपेक्षा ठेवा. ६० सीसीवर बारीक वाटेची, म्हणजे कापताना कमी जाडीचं लाकूड खाणारी चेन लावून १६-१८ इंच जमतं. २० ते २४ इंच रुंद कापायचं तर ७० सीसीच्या पुढचं मशीन हवं, हस्कवर्ना कंपनीचं ३७२ हे ७०.७ सीसीचं आहे. ३० इंच आणि त्यापुढे ९० सीसीचा वर्ग लागतो. स्टिल कंपनीचं एमएस ६६१ हे ९१.१ सीसीचं, ते या कामाला जगभर वापरतात.

लहान मशीनवर लांब बार चढवला की चेन मंदावते, माणूस जोर लावतो, क्लच तापतो आणि पिस्टनला ओरखडे पडतात. दुकानदाराने "बसतो की" म्हटलं तरी घेऊ नका. बार बसणं वेगळं आणि मशीनने तो लाकडात ओढणं वेगळं.

तिसरी पायरी: बार

मिलसाठी बार ताठ हवा. तीन पत्र्यांचा जोडबार हलका आणि स्वस्त असतो, लहान लांबीत चालतो. २४ इंचांच्या पुढे मात्र अखंड पोलादाचा बार घ्या. दोन टोकांना धरलेला बार मध्ये थोडा जरी लवला, तरी फळी मध्ये जाड आणि कडेला पातळ निघते.

टोकाला फिरतं चाक असलेला बार घ्यावा, त्यात घर्षण कमी. मिलची पकड आवळताना ती त्या चाकावर येऊ देऊ नका. चाक दाबलं गेलं की बार गेला. पकड चाकाच्या मागे, अखंड पोलादावर.

बारची शेपटी प्रत्येक कंपनीची निराळी असते. बोल्टची खाच, तेलाचं भोक, ताण देणाऱ्या खुंटीचं भोक, तिन्ही जुळायला हवीत. तेलाचं भोक जुळलं नाही तरी बार वरवर व्यवस्थित बसलेला दिसतो आणि चेन कोरडी चालते. दुकानात जाताना जुना बार बरोबर न्या, सगळ्यांत सोपं.

चौथी पायरी: तीन आकडे

बारच्या शेपटीजवळ तीन आकडे कोरलेले असतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. चेन घेताना हे तिन्ही सांगायचे. "२४ इंची चेन द्या" एवढ्याने भागत नाही.

पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं अर्ध. १९ मिमी भरलं तर साडेनऊ, म्हणजे ३/८ इंच. साडेसोळा भरलं तर ०.३२५. साडेवीस भरलं तर ०.४०४. गेज म्हणजे खाचेत चालणाऱ्या टोकाची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. १.६ ची चेन १.५ च्या खाचेत जात नाही, हे लगेच कळतं. उलटं केलं की फसगत होते. पातळ चेन रुंद खाचेत बसते, चालतेही, पण कलते आणि फळी वाकडी कापते. ड्राइव्ह लिंक म्हणजे ती खालची टोकं, मोजून घ्यायची. ३/८ पिचच्या २० इंची बारला बहुधा ७२ आणि २४ इंचीला ८४ लागतात, तरी स्वतःच्या बारवर कोरलेला आकडाच खरा.

आता निवड. ३/८ मध्ये दोन प्रकार आहेत, नेहमीची आणि लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची. नेहमीची चेन साधारण ८ मिमीची वाट पाडते, लो-प्रोफाइल ६ ते साडेसहा मिमीची. दहा वेळा कापलं तर पहिलीने ८० मिमी लाकूड भुसा होतं, म्हणजे इंची तीन फळ्या. दुसरीने ६० ते ६५. लाकूड वाचतं तेवढीच मशीनची ताकदही वाचते. म्हणून ६०-७० सीसीपर्यंतच्या मशीनवर आणि वीस इंचांच्या आसपासच्या बारवर मी लो-प्रोफाइलच सुचवेन. त्यापुढच्या ताकदीच्या मशीनवर ती ताणली जाते, तुटण्याचा धोका असतो, तिथे नेहमीची ३/८. ०.४०४ ही फार लांब बार आणि मोठ्या मशीनची गोष्ट, नवीन माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. ०.३२५ घरी असेल तर शिकायला वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका.

दोन्ही चेनी "३/८" नावानेच विकल्या जातात, पण त्यांची स्प्रॉकेटं, म्हणजे मशीनमधली चेन फिरवणारी दातेरी चाकं, वेगळी. लो-प्रोफाइलला लो-प्रोफाइलचं स्प्रॉकेट आणि तसाच बार. स्प्रॉकेटच्या दातांवर खोल चरे पडले असतील तर नव्या चेनीबरोबर तेही बदला, नाहीतर नवी चेन आठवडाभरात जुनी होते.

पाचवी पायरी: दाताचा कोन

झाड आडवं तोडताना चेनीचा दात धाग्यांना बाजूने छेदतो आणि ढलपी उचलतो. फळी पाडताना दातासमोर येतात ती धाग्यांची टोकं. एकेक टोक वरून तासावं लागतं, म्हणून काम हळू होतं आणि भुसा बारीक पडतो. नेहमीच्या चेनीच्या दाताचा वरचा कोन २५ ते ३५ अंशांचा असतो. अशा तिरक्या धारेने टोकं कापताना दात एका बाजूला ओढला जातो, आणि फळीवर नांगरल्यासारखे चरे उठतात.

रिपिंग चेनमध्ये हाच कोन १० अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. दात सरळ जातो, फळी गुळगुळीत निघते, रंधा कमी मारावा लागतो. लहान गावात रिपिंग चेन सहजी मिळत नाही. मग नेहमीचीच चेन घ्या आणि दर धारेला कानस थोडी थोडी सरळ धरत न्या. पाच-सहा धारांत कोन खाली येतो. एकदम १० वर आणायला गेलात तर अर्धा दात कानशीतच जाईल.

दाताचा कोपरा चौकोनी की गोलसर, हेही पाहा. चौकोनी कोपऱ्याचा, म्हणजे फुल चिझल दात स्वच्छ लाकडात वेगाने कापतो आणि मातीचा एक कण लागला की बसतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी-चिझल थोडा हळू, पण धार टिकवतो. कोकणात मला फुल चिझल पटत नाही. ओंडका जांभ्याच्या लाल मातीतून ओढलेला असतो, किनाऱ्यालगतच्या झाडांच्या सालीत वाऱ्याने उडालेली वाळू वर्षानुवर्षं बसलेली असते. सेमी-चिझलच घ्या.

दोन दातांमध्ये जास्त अंतर सोडलेली चेनही मिळते, तिला स्किप म्हणतात. २८ इंचांच्या पुढच्या रुंदीत भुसा बाहेर पडायला ती मदत करते, लहान बारला गरज नाही. दातांमध्ये उंच उशी असलेली सेफ्टी चेन फांद्या तोडायला ठीक, मिलवर ती भुसा अडवते.

सहावी पायरी: झाडाप्रमाणे वागा

शिकायला आंबा सर्वांत चांगला. लाकूड फार कठीण नाही, ओंडके जाड, दोन-चार फळ्या बिघडल्या तरी मोठं नुकसान नाही. पण आपल्या दमट हवेत आंब्याचा ओंडका पडून राहिला की बुरशीचे निळे-काळे पट्टे चढतात आणि किडा लागतो. पडल्यावर लवकरात लवकर कापा.

फणसाच्या गाभ्याचा पिवळा रंग पाहून कोणाचाही जीव लोभावतो. मशीनला मात्र त्याचा चीक लागतो. चीक आणि भुसा मिळून बारच्या खाचेत गच्च बसतो, तेल पुढे जात नाही. पेट्रोलची दर टाकी संपली की बार उतरवून खाच पातळ पत्र्याने खरवडा, चेन रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा आणि पुन्हा तेलात घाला. काजूच्या आणि आंब्याच्या चिकाने काहींच्या हाताला पुरळ येतं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे ठेवा.

साग हाताला तसा कठीण नाही, तरी धार लवकर जाते, कारण त्याच्या लाकडातच सिलिका असते. चेन खराब निघाली असं समजून बदलू नका, सागाला धार जास्त वेळा लावावीच लागते. ऐन आणि किंजळ जड आणि चिवट. ते ओले असतानाच पाडा. वाळलेल्या ऐनावर लहान मशीन चालवणं म्हणजे मशीन संपवणं.

माडाचं गणित वेगळं. बाहेरचा चार बोटं भाग दगडासारखा, आतला भुसभुशीत. चांगल्या फळ्या कडेच्याच निघतात, मधला भाग भार घेत नाही. त्यामुळे माड मधोमध चिरत बसण्यात अर्थ नाही, चार बाजूंनी कडेच्या फळ्या काढा. त्याचे धागे सुटे असतात, तिरक्या दाताची चेन ते उपटते. इथे रिपिंग चेनचा फरक पहिल्याच फळीत दिसतो.

आणि लोखंड. बांधावरच्या आंब्याला तारेचं कुंपण ठोकलेलं असतं, वाटेवरच्या फणसाला कधीकाळी कंदील टांगायचा खिळा मारलेला असतो. साल त्यावरून वाढून जाते. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चाला. लोखंडाने लाकडातलं टॅनिन काळं पडतं. तो डाग नंतर आलेल्या बुरशीशी गल्लत करू नका, बुरशी पट्ट्यांनी पसरते, खिळ्याचा डाग एका जागी गडद असतो. हातातला मेटल डिटेक्टर मिळाला तर बुंध्याचा खालचा सहा फुटांचा भाग तपासून घ्या. खिळे बहुतेक तिथेच असतात.

चेन चढवण्याआधी कापायच्या वाटेवरची साल कोयत्याने काढून टाका किंवा पाणी मारून ब्रशने घासा. हा अर्धा तास दोन धारा वाचवतो.

सातवी पायरी: धार

चेनी जास्त घ्या, एका बारमागे तीन, असं मी म्हणतो ते यासाठी. फळी पाडताना धार एखाद-दोन टाक्यांत उतरते, कठीण लाकडात त्याआधीच. बागेत डासांमध्ये बसून घाईघाईने लावलेली धार कधी सारखी होत नाही. चेन बदलायला पाच मिनिटं लागतात. बोथट झालेल्या दोन्ही चेनी संध्याकाळी पडवीत, उजेडात, बार शेगड्यात पकडून निवांत घासा.

गोल कानशीचं माप पिचप्रमाणे: लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, नेहमीच्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ (चेनीच्या कंपनीने सांगितलेलं). सगळ्यांत छोटा झालेला दात शोधा आणि बाकी सगळे तेवढेच करा. एका बाजूचे दात लांब राहिले की बार त्या बाजूला चढतो आणि फळीची एक कड जाड होते. मिल तंतोतंत सपाट बसवूनही फळी वाकडी येत असेल तर आधी दातांची लांबी मोजा, मग बारच्या दोन्ही कडा गुण्याने तपासा. एक कड झिजून खाली गेली असेल तर ती चपट्या कानशीने सारखी करावी लागते.

दातापुढचा ठोकळा, रेकर, तो दात किती खोल जाईल ते ठरवतो. तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. मापाची पट्टी मिळते, अंदाजाने घासू नका. रेकर जास्त उतरवला की मशीन झटके देतं आणि ऐनासारख्या लाकडात अडकतं.

भुशावर लक्ष ठेवा. धार असेल तर हाताला दाणा लागतो. पिठासारखी धूळ यायला लागली, मशीन ढकलावं लागलं किंवा वाटेतून धूर आला तर थांबा आणि चेन बदला.

तेल, ताण, आणि आवाज

तेलाचा पंप पूर्ण उघडा ठेवा. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर तेलाची टाकीही जवळपास संपायला हवी. नाही संपली तर कुठेतरी तुंबलंय. २४ इंचांच्या पुढच्या बारला टोकाकडून थेंब थेंब तेल देणारी वेगळी बाटली बसवा. गाडीचं जळकं इंजिन ऑइल वापरायची पद्धत सर्रास आहे, ती सोडा. त्यात धातूचा कीस असतो, बार झिजतो, आणि ते सगळं तेल शेवटी तुमच्याच बागेत, विहिरीशेजारी सांडतं. बार-ऑइल मिळत नसेल तर खाद्यतेल चालतं, फक्त काम संपल्यावर चेन पुसून ठेवायची, नाहीतर ते चिकट होऊन बसतं.

तापलेली चेन लांबते, म्हणून पहिल्या काही मिनिटांनी ताण पुन्हा पाहा. काम संपल्यावर ताण सैल करा. तसाच ठेवला तर थंड होताना चेन आखडते आणि बारच्या टोकावर आणि मशीनच्या शाफ्टवर भार येतो. चेन बदलाल तेव्हा बार उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

कार्ब्युरेटर या कामासाठी थोडा जास्त पेट्रोल देणारा करून घ्यावा, ते माहीतगार मेकॅनिककडूनच. कापणी संपली की मशीन लगेच बंद न करता अर्धा मिनिट मंद चालू द्या. कापलेल्या वाटेत दर दोन-अडीच फुटांवर लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर मारा, फळी बसून बार दाबते तेव्हा दुसरा उपाय नसतो. लोखंडी पाचर नको. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क, पायात जाड बूट. बारीक भुसा आणि धूर तासन्तास तोंडासमोर असतो, वाऱ्याकडे पाठ येईल अशी जागा घ्या आणि एकट्याने काम करू नका.

पावसाळ्यात ठेवताना

समुद्राची हवा चेनीला चार दिवसांत गंज चढवते. मे अखेरीस चेनी धुवून, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात तेलात बुडवून ठेवा. बार पुसून खाचेत तेल सोडा आणि कागदात गुंडाळा. डब्यावर पिच, गेज, ड्राइव्ह लिंक आणि कोणत्या कोनाची धार आहे ते मार्करने लिहा. तीन चेनी एकाच डब्यात घालत असाल तर प्रत्येकीला तारेने पत्र्याचा तुकडा बांधून त्यावर खिळ्याने आकडे कोरा, तेलात शाई टिकत नाही.